मागे लिहिलंय ‘तळेरे’
(प्रस्तावना)

जुना घरगुती फोटो हातात आला की आपण आधी माणसं ओळखू लागतो. ही आजी, हा थोरला काका, मांडीवरचं तान्हं म्हणजे आपले वडील. नाती सांगून झाली की फोटो पुन्हा पिशवीत जातो. ही सगळी माणसं उभी कुठे आहेत, हे क्वचितच कोणी विचारतं. विचारलंच तर एका शब्दात उत्तर येतं : ‘गावी’. गावात कुठे? कुठल्या वाडीत, कोणाच्या खळ्यात, कुठल्या बावीजवळ? मागचं घर आज उभं आहे का? त्याच्याही मागची डोंगराची रेघ कुठून अशी दिसते? या पुस्तकाचा विषय हे प्रश्न आहेत. तळेरे आणि आसपासच्या गावांतल्या घराघरांत पडून असलेल्या फोटोंमधली जागा कशी ओळखावी, ओळख पटली असं कधी म्हणावं आणि हा खटाटोप करावाच कशासाठी, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

सुरुवात तळेऱ्यापासूनच करायला हवी, कारण इथली अडचणही या गावाच्या जागेतूनच आली आहे. कणकवली तालुक्यातलं तळेरे मुंबई-गोवा महामार्गावर आहे. इथून पश्चिमेला विजयदुर्गाचा रस्ता फुटतो आणि पूर्वेला वैभववाडीवरून करूळ घाटाने गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर. म्हणजे बंदर, घाट आणि मुंबई या तिन्हीकडच्या वाटा इथे मिळतात. ओझरम, दारूम, कासार्डे, पोंभुर्ले, नाधवडे अशा गावांतल्या चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्या तळेऱ्याला एसटीतून उतरल्या आणि डोक्यावर ट्रंक घेऊन पुढची वाट चालल्या. मुंबईत कोणी विचारलं तर ते सांगत, ‘तळेऱ्याला जातो’. फोटोच्या मागे शाईने लिहिताना हातून तेच उतरलं.

म्हणून मागे ‘तळेरे’ लिहिलेला फोटो तळेऱ्यात काढलेला असेलच असं नाही. त्या शब्दाने माणसं कुठे उतरली ते कळतं, कुठे उभी राहिली ते कळत नाही. हे एक नीट लक्षात घेतलं तर निम्म्या चुका टळतील. जागा शोधायची म्हणजे त्या नावापासून निघून प्रत्यक्ष जमिनीपर्यंत जायचं. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा गाभा एवढाच आहे.

एक फोटो डोळ्यांसमोर आणा. या भागात तो घरोघरी सापडेल. शेणाने सारवलेलं खळं, वर मांडव, कडेला तुळशीवृंदावन. मध्ये खुर्चीवर आजोबा, शेजारी नऊवारीतली आजी, मागे मुलगे-सुना, पुढे मांडी घालून बसलेली पोरं. उजव्या कडेला गडग्यापाशी एक गडी अर्धाच आलेला. मागे कौलारू घराचा कोपरा आणि त्याच्या वर डोंगराची पुसट रेघ. मागच्या बाजूला ‘तळेरे, जि. रत्नागिरी’ एवढंच.

पहिला पुरावा या शेवटच्या दोन शब्दांतच आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. ‘जि. रत्नागिरी’ लिहिणारा हात बहुधा त्याआधीचा. बहुधा एवढ्यासाठी, की जुन्या सवयीने पुढेही बरीच वर्षं तसंच लिहिणारी माणसं होती. पत्त्यात पिनकोड असेल तर लिखाण १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. कागदावर फिकट अक्षरांत ‘इंदू’ छापलेलं असेल तर तो उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा कागद. ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली, त्यामुळे फोटो त्यानंतरच छापलेला. सहा सेंटिमीटर बाजूचा चौरस फोटो असेल तर तो आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यातला असण्याचा संभव मोठा. एका रोलवर बारा फोटो देणारा हा कॅमेरा मुंबईहून मे महिन्यात किंवा गणपतीला येणाऱ्या कोणातरी पुतण्याच्या खांद्याला अडकवलेला असे. मागे मोटार असेल आणि पाटीवर ‘एमएच ०७’ असेल तर काळ १९८९ नंतरचा. काळ ठरला की त्या काळात जे नव्हतंच ते शोधण्यात वेळ जात नाही. जागेच्या शोधाला काळाचा असा आधार लागतो.

दुसरा प्रश्न असा, की फोटोतलं मागचं दृश्य खरं आहे का? हा संशय वावगा नाही, कारण आपल्याकडच्या छायाचित्रणात पार्श्वभूमी सुरुवातीपासून बनवली गेली आहे. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसं स्टुडिओत टिपलेली आणि मागची जागा भलतीकडची, असा जोड आहे. पुढे गावोगावच्या स्टुडिओंत रंगवलेले पडदे आले : राजवाड्याचा जिना, कारंजं, बाग, तळ्यावरचा चंद्र. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांचे पडदे रंगवून नावाजले होते आणि त्या शहराचा हात या कलेत चांगलाच बसलेला होता. घाट चढून कोल्हापुरात लग्नाचा बस्ता बांधायला गेलेलं कुटुंब तिथल्या स्टुडिओत फोटो काढून आलं असेल, तर त्यातली बाग शोधत कोकणात फिरणं व्यर्थ. पडदा ओळखण्याची खूण जमिनीशी असते. पडदा खाली जिथे संपतो तिथे सुरकुती किंवा सरळ रेघ दिसते आणि माणसांची सावली मागच्या बागेवर पडलेली असते.

फोटो उलटा छापला गेला आहे का, हेही आधीच पाहावं. निगेटिव्ह उलटी ठेवली की डावं ते उजवं होतं आणि डोंगराची रेघ कुठेच जुळत नाही. नथ डाव्या नाकपुडीत आहे ना, जानवं डाव्या खांद्यावरून उतरतंय ना, सदऱ्याची डावी पट्टी वर आहे ना, एवढं पाहिलं तरी पुरतं.

मुंबईची शक्यताही मनातून काढून टाकू नये. ‘गावचा’ म्हणून जपलेला फोटो कधी कधी चाळीच्या चौकातला असतो. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या आणि आपल्याकडची कितीतरी कुटुंबं तिथे वाढली. तिथेही तुळस होती, मांडव घातले जात, गावाहून आलेली आजी मधोमध बसत असे. फरक जमिनीत आणि भिंतीत दिसतो. गावच्या खळ्याला फरशी नसते. चाळीच्या भिंतीला चिऱ्याचे सांधे नसतात.

आता आपल्या फोटोतल्या घराकडे वळू. इथल्या घराची उभारणी मातीची नाहीतर जांभ्या चिऱ्याची. हाताने तासलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे घाव दिसतात आणि सांधे जाड असतात. यंत्राने कापलेला चिरा एकसारखा आणि नंतरचा. छपरावर नळीची गावठी कौलं आहेत की मंगळुरी? बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, पण खेड्यातल्या सामान्य घरावर ती कौलं चढायला बराच काळ गेला. मुंबईचा पैसा आला की आधी छप्पर बदलायचं, अशी पुष्कळ घरांची कहाणी आहे. म्हणून एकाच घराच्या दोन फोटोंत कौलं वेगळी दिसली तर घरं दोन आहेत असं लगेच ठरवू नये. पायऱ्यांची संख्या, ओटीची उंची, खांबांमधली अंतरं, दाराच्या तुलनेत खिडकीची जागा या गोष्टी सहसा बदलत नाहीत. त्या मोजाव्यात.

खळ्यावरून ऋतू कळतो. मांडव भात झोडून झाल्यावर, दिवाळीनंतर चढतो आणि पावसाआधी उतरतो. वृंदावनाला ताजा रंग असेल तर तुळशीचं लग्न जवळ आहे किंवा नुकतंच झालं आहे. कडेला पेंढ्याची उडवी उंच असेल तर कापणीनंतरचे दिवस; ती खचली असेल तर उन्हाळा. उन्हाचाही पुरावा मिळतो. तळेरे साधारण साडेसोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उतरतं ऊन उत्तरेकडच्या भिंतीवर येतं. मार्गशीर्ष-पौषात त्या भिंतीवर ऊन पडतच नाही. मांडव मेअखेरीचा आहे असं इतर खुणांवरून ठरलं, तर सावलीवरून घराचं तोंड कुठे होतं ते काढता येतं. घराचं तोंड कळलं की वाडीतली अर्धीअधिक घरं यादीतून गळतात.

राहिली ती डोंगराची पुसट रेघ. मला वाटतं, फोटोतला सगळ्यात मोलाचा ऐवज तीच आहे. ती पुसट का आली, हे समजून घ्यायला हवं. जुन्या काचा आणि फिल्मांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा गरजेपेक्षा जास्त दिसे. त्यामुळे जांभ्याची तांबडी भिंत फोटोत काळीकुट्ट येते आणि दूरचा निळसर सह्याद्री पांढऱ्या आकाशात विरून जातो. तो मुळात नाहीसा झालेला नसतो. फोटो सहाशे डीपीआयला स्कॅन करून वरच्या पट्टीतला काळा-पांढरा फरक वाढवला की कित्येकदा कड्यांची कड उमटते. मग तिची तुलना करता येते. गूगल अर्थवर पूर्वेकडे तोंड करून उभं राहिल्यासारखं दृश्य लावता येतं. पण खरी परीक्षा जमिनीवर उभं राहूनच होते.

ती परीक्षा सोपी आणि निर्दय आहे. फोटोत जवळची एक वस्तू आणि दूरची एक वस्तू अशा दोन जोड्या निवडायच्या. समजा, घराच्या कोपऱ्यामागे बरोबर डोंगराची खिंड येते आणि वृंदावनामागे जवळच्या टेकडीचा उतार संपतो. त्या दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळतात अशी जागा एकच असते, कॅमेरा जिथे होता ती. दोन पावलं डावीकडे सरकलं की जुळणी मोडते. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात छायाचित्रकारांच्या एका गटाने एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणाच्या छायाचित्रांच्या जागा याच रीतीने शोधल्या आणि तिथूनच पुन्हा छायाचित्रं काढली. आपल्या वाडीतल्या फोटोलाही तोच नियम लागू पडतो.

डोंगराला इतकं महत्त्व देण्याचं आणखी एक कारण आहे : फोटोतला पुढचा सगळा भाग आपल्या डोळ्यांदेखत बदलला. महामार्गाचा क्रमांक १७ होता तो ६६ झाला. चौपदरीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं, पडव्या, दुकानांच्या फळ्या गेल्या. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि तिच्या भरावांनी, पुलांनी ओळखीचे उतार कापले. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि जिथे वरी-नाचणीचे उघडे वरकस उतार होते तिथे आंब्याची कलमं आणि काजू दाटले. फोटोतला बोडका डोंगर आजच्या माणसाला परका वाटतो तो यामुळे. वैभववाडी तालुक्यात अरुणा प्रकल्पाच्या पाण्याने आखवणे आणि भोम या गावांतली घरं गेली. तिथल्या कुटुंबांकडे जुना फोटो असेल तर घराचा कोपरा आता शोधता येणार नाही. पाण्यावर दिसणारी डोंगराची रेघ मात्र तीच आहे आणि तिच्यावरून ते घर कुठे होतं हे आजही सांगता येईल.

जमिनीइतकाच मोठा आधार माणसांच्या आठवणीचा. पण विचारण्याची एक रीत आहे. ‘‘ह्यो फोटो तळेऱ्यातलोच मां?’’ असं विचारलं की म्हातारं माणूस मान डोलावतं, कारण तुम्ही उत्तर आधीच हातात दिलेलं असतं. ‘‘ह्यां खंयचां वाटता?’’ एवढंच विचारावं आणि थांबावं. मागचं लिखाण दाखवू नये. प्रत्येकाला वेगवेगळं विचारावं. चारचौघांत सर्वांत मोठ्या आवाजाचं मत सगळ्यांचं होतं. कोणाला काय दिसेल हेही ध्यानात घ्यावं. लहानपणी गुरं राखलेला माणूस टेकडीचा उतार ओळखतो. पाणी भरलेली बाई बावीचा कठडा आणि तिथे जाणारी पाणंद ओळखते. सासरी गेलेल्या माहेरवाशिणीच्या मनात घर ती गेली तेव्हाचंच राहिलेलं असतं. नंतरच्या दुरुस्त्यांनी तिची आठवण पुसलेली नसते. म्हणून दूर गेलेल्या आत्याला विचारल्याशिवाय शोध पुरा झाला असं मानू नये.

तरीही आठवण एकटी पुरत नाही. याचा ठळक दाखला तळेऱ्याहून निघणाऱ्या रस्त्याच्या टोकालाच आहे. विजयदुर्ग किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’विषयी पूर्वापार सांगितलं जातं की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इथून सूर्य पाहिला आणि हेलियमचा शोध लावला. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडात होता; सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी तिथूनच, ग्रहणाशिवाय पाहिली. भारतात त्या ग्रहणाचं निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून केलं. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांची मदत घेऊन, आणि त्या मोहिमेचा अहवाल प्रसिद्ध आहे. गावाने जागा अचूक सांभाळली, माणूसही अचूक सांभाळला. घसरली ती तीस वर्षं. कोकणातल्या ऑगस्टचं आभाळ आठवलं असतं तरी शंका आली असती. घरगुती आठवणीही अशाच वागतात. त्यांत जागा आणि माणूस बहुतेक वेळा खरे असतात. प्रसंग आणि साल मात्र दुसऱ्या, जास्त मोठ्या गोष्टीकडे ओढले जातात. म्हणून आठवण ऐकावी, मानावी आणि मग पडताळावी.

पडताळायला कागद आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीत घर कोणाच्या नावे होतं ते सापडतं. भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा आणि गटाची मोजणी मिळते, सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारांवरून जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते कळतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं गाव लिहिलेलं असतं. कुटुंब त्या वर्षी कुठे राहत होतं याचा तो भक्कम पुरावा. या कागदांचा उपयोग कसा करावा, त्याची उदाहरणं पुढे दिली आहेत.

आता उजव्या कडेला गडग्यापाशी अर्धाच आलेल्या त्या गड्याकडे येतो, कारण माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपाचं खरं कारण तो आहे. खोती रद्द करणारा कायदा १९४९ चा, आणि कुळांना जमिनीचा मालक मानण्याचा दिवस १ एप्रिल १९५७. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, फोटो काढवून घेणं सगळ्यांच्या आवाक्यात नव्हतं. असंख्य कुटुंबांकडे आजा-पणज्याचा एकही फोटो नाही. घराचा तर नाहीच. अनेकांची घरं उभी होती ती जमीनही त्यांच्या नावावर नव्हती, म्हणून कागदातही ती सापडत नाहीत. पण ही माणसं आणि त्यांची खोपटी दुसऱ्यांच्या फोटोंच्या कडेला, पाठीमागे, अर्धवट आलेली आहेत. फोटोची जागा नेमकी ठरली की मागचं ते गवती छप्पर कोणाचं हे सांगता येतं. मग ज्यांच्या घरात एकही जुना फोटो नाही त्यांना त्यांच्या घराचा पहिला फोटो देता येतो. मधल्या खुर्चीवरच्या आजोबांची ओळख कुटुंब पटवेलच. कडेच्या माणसाची ओळख जागाच पटवून देईल, दुसरं कोणी देणार नाही.

म्हणून हे पुस्तक वाचणाऱ्याला एक आग्रहाची विनंती. जागा ओळखली की ती ओळख कशावर उभी आहे तेही लिहून ठेवा. दोन जोड्या जमिनीवर जुळल्या असतील तर ‘नक्की’. घराची रचना आणि कागद जुळत असतील, पण उभं राहून पाहिलेलं नसेल तर ‘बहुधा’. फक्त सांगण्यावरून असेल तर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून ‘सांगण्यावरून’. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा वळ पुढून उमटतो. आधीचं लिखाण चुकीचं ठरलं तरी खोडू नका, कारण ‘तळेरे’ लिहिणाऱ्याने त्याच्या परीने खरं तेच लिहिलं होतं. वाडीचं नाव लिहा, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते लिहा, कडेला आलेल्यांची नावं लिहा. आणि फोटोची एक प्रत त्या कडेच्या माणसाच्या घरी पोचती करा. फोटोतल्या घरांत राहिलेली पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. विचारायचं ते तिला आत्ताच विचारायला हवं.